ब्याद म्हणजे काय, हे विचारणारा

दुकानाचं शटर अर्ध्यावर अडकलं, तशी अनुजा करवादली, "मेली ब्याद." मागून कुणीतरी हसलं. वळून बघते तर पावसात निथळणारा एक अनोळखी तरुण... त्याने एका हाताने शटर वर ढकललं, काजूगर घेतले आणि जाताजाता विचारलं, "ब्याद म्हणजे नेमकं काय हो?"

"जा म्हटलं तरी जात नाही, ती ब्याद."

तो मिहीर, सावंतवाडीचा. म्हणजे त्याला हा शब्द माहीत नसणं शक्यच नव्हतं. अनुजाच्या मनात पाल चुकचुकली.

मग तो आचऱ्याच्या तिठ्यावरच्या तिच्या दुकानाशी हटकून थांबू लागला. अनुजा मोबाइलच्या रेंजला ब्याद म्हणे, वजनकाट्यावर बसणाऱ्या मांजरीला तर रोजच म्हणे; तो कान देऊन ऐकायचा. बोलता बोलता घरी कोण कोण असतं, पुढे शिकणार का, हेही काढून घ्यायचा. नजरेला नजर भिडली की आधी तोच मान वळवी. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! पण तो यायच्या वेळेला तिचा हात केसांकडे जाई, आणि याचा तिला जास्त राग येई.

एके दिवशी बाबा न जेवताच उठले. त्यांनी तिच्यासाठी बघितलेल्या सावंतवाडीच्या स्थळाचा नकार आला होता. कारण कळवलं नव्हतं. मध्यस्थ नुसतं "चौकशी केली" एवढंच म्हणाला होता. एकदा मुलीच्या नावाला बट्टा लागला की गावोगाव पोचतो. अनुजाला सगळा उलगडा झाला.

दुसऱ्या दिवशी मिहीर आला, तसं तिने विचारलं, "चौकशी करूक तुमीच इल्लास ना?"

पागोळ्या गळत होत्या.

"होय... मामेभावासाठी. मामीन धाडल्यान."

"आणि काय सांगलास?"

"म्हटलंय, ती पोरगी ब्याद आसा, नाद सोडा... तुमी माझी भावजय झालेली माका बघवचा नाय."

अनुजाला आनंद झाला आणि त्याहून जास्त संताप आला. बाबांचं ताट तिच्या डोळ्यांसमोर होतं.

"मामीक फोन लाव. खरा काय ता सांग. आत्ताच."

त्याने स्पीकर लावला आणि काहीही न लपवता सांगून टाकलं. पलीकडून मामी म्हणाली, "चौकशेक एकदा धाडललंय तुका. तू रोज जातस. तेवाच माका कळला. म्हणानच नकार धाडलंय, मेल्या. तिच्या बापाशीक मी स्वता येवन सांगतंय. ती बाजूक आसा? दी फोन."

मिहीरने फोन पुढे केला. अनोळखी बाईला मावशी म्हणायची रीत अनुजाला माहीत होती. तिने फोन कानाला लावला आणि त्याच्याकडे बघत हळूच म्हणाली, "बोला, मामी..."