लाकडी पुलावरचा तिसरा

दिवे गेले की नथ्थूनाना ही गोष्ट सांगत. त्यांच्या चुलतभावाची, जीवराम ड्रायव्हरची. ज्याला खोटी वाटेल त्याने आत जाऊन झोपावं, एवढंच आधी म्हणत. पोरांपैकी कोणी उठत नसे.

एकोणीसशे नव्वद. सोळा डिसेंबर, रविवार, मार्गशीर्षातली चौदस. जीवराम मुक्ताईनगरकडून केळीचा ट्रक घेऊन सावद्याला निघाला. रात्री बाराच्या आत माल रेल्वेच्या वॅगनीत चढवायचा होता. मागच्या आठवड्यात त्याची वॅगन चुकली होती. मालकाने बजावलं होतं, पुन्हा चुकली तर किल्ली ठेव आणि घरी जा. सोबत क्लीनर म्हणून बायकोचा भाऊ, भटू.

वाटेतल्या नाल्यावरचा जुना पूल पावसाळ्यात वाहून गेला होता. तिथे अवजड गाड्यांसाठी नवा लाकडी पूल झाला होता. सागाच्या जाड तुळया, लोखंडी बोल्ट, कोऱ्या फळ्यांचा वास. नियम एकच, ड्रायव्हर सोडून सगळ्यांनी उतरून पायी जायचं.

साडेनऊला ट्रक पुलाशी आला. भटू उतरला. राखणदार कौतिकआबांनी कंदील वर धरला, पण आडवा बांबू काही उचलेनात.

"वरच्यालाबी उतरव, भो."

"वर कोणी नाही, आबा. केळी आहेत."

"केळीवरच बसेल हाये. मांडी घालून."

म्हाताऱ्याला काहीतरी हवं असेल, असं जीवरामला वाटलं. त्याने एक फणी पुढे केली.

"मले दात नाही."

"केळाला दात कशाला लागतात?"

"आन मले केळ कशाले लागते? त्याले उतरव."

आता जीवरामला भटूचा संशय आला. चहापाण्यासाठी वर माणसं बसवायची त्याला सवय होती.

"कोणाला बसवलंस?"

"अक्काची शपथ, दाजी. कोणालाच नाही."

जीवराम स्वतः वर चढला. बॅटरी फिरवली. केळीची पानं सारखी पसरलेली. कोणी नाही.

खालून आबा म्हणाले, "तुह्याकडेच पाहून राहिला."

जीवराम घाईने उतरला. दहाला दहा कमी. त्याने बांबू स्वतःच उचलला. आबांनी अडवलं नाही. ते फक्त पुलाकडे पाठ करून उभे राहिले.

भटू बॅटरी घेऊन पुढे, ट्रककडे तोंड करून, मागे मागे चालू लागला. ट्रक पहिल्या गिअरमध्ये. फळ्या करकरल्या.

मध्यावर भटू थांबला. बॅटरी केबिनच्या वर रोखलेली.

"दाजी..."

टपावर काहीतरी टेकलं. टाच टेकावी तसं. एकदा.

जीवरामने गाडी थांबवली नाही.

पलीकडे भटू आत येऊन बसला.

"काय पाहिलंस?"

"तुम्ही वर चढले होते ना?"

"हो."

"कोणी नव्हतं ना?"

"नाही."

"मग... नाही."

अकराला ट्रक सावद्याला लागला. वॅगन उभी होती. हमालांनी पानं काढली. दुपारीच कापलेला माल, सगळा हिरवागार. फक्त मधोमध, एक माणूस मांडी घालून बसेल एवढ्याच जागेत, केळी पिकून पिवळी झालेली.

एका हमालाने तिथे हात ठेवला. लगेच काढून घेतला.

थंडीच्या त्या रात्री ती केळी कोमट होती.