यादीतलं तिसरं नाव

सौदामिनी टीचरच्या लॅपटॉपनं शनिवारी सकाळी साडेआठला मान टाकली. निळ्या पडद्यावर एक पांढरं वर्तुळ फिरायला लागलं ते फिरतच राहिलं. तेवढ्यात तिनं तांदळाच्या पिठाचा पुट्टू वाफवला, हरभऱ्याची आमटी गरम केली, डाव पातेल्याच्या कडेवर टक् टक् दोनदा आपटून ठेवला, न्याहारी उरकली. वर्तुळ फिरतंच होतं. डाव दोनदा आपटायची तिची खोड लहानपणापासूनची. आई ओरडायची, 'भांड्याला पोचे पडतील.' भांड्यांना पोचे पडले, खोड काही गेली नाही.

दुसरा कुठलाही शनिवार असता तर तिनं लॅपटॉप मिटून ठेवला असता. पण आज संध्याकाळी पाचच्या आत शिक्षण खात्याच्या साइटवर एका चौकटीत खूण करायची होती. मानंतवाडीच्या सरकारी हायस्कुलात मुख्याध्यापिकेची जागा: स्वीकार की नकार. याआधी दोनदा ही बढती दारात आली होती आणि दोन्ही वेळा तिनं नकार कळवला होता. दोन्ही वेळा शारजाहून नवऱ्याचं, भरतनचं, एकच म्हणणं होतं, "मिनी, घर बंद ठेवायचं नाही. बंद घराला वाळवी लागते." नीलेश्वरमहून मानंतवाडीला रोज जाऊन येणं शक्य नव्हतं. बिऱ्हाड तिकडे न्यावं लागलं असतं. या खेपेला तिनं त्याला काही सांगितलंच नव्हतं. एकोणपन्नास वर्षांची झाली होती ती, पुन्हा कोणी विचारणार नव्हतं.

तिनं उत्तमन माशना, म्हणजे मास्तरांना, फोन लावला. शाळेतल्या कॉम्प्युटर लॅबचे ते सर्वेसर्वा.

"माश, मेला."

"अय्यो! कोण?"

"लॅपटॉप."

"मग सुटलात म्हणा! टीचर, शाळेत पोरांना लिनक्सवर भूमिती शिकवता आणि घरी चोरीची विंडोज. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मे महिन्यात मी पेन ड्राइव्ह दिला होता, तो लोणच्यात घातलात की काय?"

पेन ड्राइव्ह कपाटात होता. खरं तर लॅबमध्ये सगळं मुलंच करून द्यायची, टीचर फक्त बटण दाबायची. घरची विंडोज भरतननं स्वतः घातलेली. लॅपटॉप त्यानंच आणलेला, तिचा फोनही त्याचाच. निळ्या दोरीनं आवळलेल्या, चारही बाजूंनी नाव लिहिलेल्या त्याच्या खोक्यातून या घरात सगळं आलं होतं. "तुला यातलं कळत नाही, कशाला हात लावू नको," असं तो सांगून जायचा. तो शारजाला गेल्यापासून अकरा वर्षं तिनं हात लावला नव्हता.

आज लावला. चाळीस मिनिटांत लिनक्स बसलं, नवा कोरा पडदा आला आणि टीचरला परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखं वाटलं. फक्त वायफाय नव्हतं.

"उजव्या कोपऱ्यात पंख्यासारखं चिन्ह आहे?" माशनी फोनवरून विचारलं.

"कोपऱ्यात काहीच नाही."

"मग ड्रायव्हर नाही त्याचा. घाबरू नका. फोन केबलनं जोडा, फोनचं इंटरनेट त्याला द्या, आणि मी सांगतो ते काळ्या खिडकीत लिहा."

तासभर माशनी उंटावरून शेळ्या हाकल्या. एकदा तिनं एक अक्षर गाळलं, एकदा मोकळी जागा सोडायची राहिली. मग पासवर्ड मागितला आणि टीचरचा धीर सुटला.

"माश, आता कीबोर्डही गेला. पासवर्ड टाकतेय तर एक अक्षर उमटत नाही."

पलीकडे माश खो खो हसले. "उमटत नसतंच ते! न बघता लिहा आणि एंटर दाबा. जरा विश्वास ठेवा हो."

तिनं विश्वास ठेवला. ड्रायव्हर उतरला आणि त्यातच फोनचा आजचा डेटा संपला. लॅपटॉप बंद करून परत चालू केल्यावर कोपऱ्यात ते पंख्यासारखं चिन्ह आलं. तिनं त्यावर टिचकी मारली. यादीत तीन नावं होती.

पहिलं तिचं स्वतःचं, केबलवाल्याचं. दुसरं समोरच्या नबीसाचं. दोन्ही निकामी, कारण हायवे रुंद करणाऱ्यांनी गुरुवारी खणताना तार तोडली होती. तिसरं नाव होतं 'भरतनचा फोन'. त्याच्यापुढे चारही रेघा भरलेल्या होत्या.

हे नाव तिला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर आला तेव्हा व्हरांड्यात बसून त्यानं फोनवरचं इंटरनेट सुरू केलं होतं, मॅच बघायला. पण फोनची हाक जाऊन जाऊन किती लांब जाणार? दोन घरं, फार तर तीन. म्हणजे तो इथं आला होता. तिला न सांगता गावात आला होता आणि कुणाच्या तरी घरी होता. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि बाया काय काय बोलतात ते तिच्या कानावर येतच असे.

गणिताच्या बाईनं मग गणितासारखंच केलं. उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर घेऊन ती बाहेर पडली. फाटकाशी दोन रेघा. गल्ली ओलांडून नबीसाच्या ओट्यावर एक.

"भरतनएट्टन दिसले का गं कुठं?" नवऱ्याला ती मान देऊन एट्टन म्हणायची.

नबीसा मासे साफ करत होती. तिनं मान वर केली. "शारजाहून काय उडत येणार आहे तो? टीचर, लॅपटॉप घेऊन उन्हात काय फिरताय? डोक्याला तेल लावा."

टीचर परत फिरली. व्हरांड्यात तीन रेघा. जिन्याच्या पायथ्याशी चार.

वरचा मजला भरतन कायमचा परत आल्यावर राहण्यासाठी बांधला होता. त्याची किल्ली स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला असायची आणि वर्षातून एकदा, ओणमच्या आधी, टीचर तिथं केर काढायची. ओणमला अजून दीड महिना होता. तिनं कुलूप काढलं. फरशीवर धुळीचा सारखा थर होता, त्यावर एकही पाऊल नव्हतं. पलंग, सोफा, कपाट, सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. तिनं कपाटाच्या मागेही पाहिलं. कोणी नव्हतं.

खिडकीखालच्या प्लगचं बटण तेवढं खाली दाबलेलं होतं. तिनं प्लगवर तळहात ठेवला. तो कोमट होता, आत्ताच कुणी चार्जर काढून घ्यावा तसा.

खाली येऊन तिनं पुन्हा माशना फोन केला. "एखादं नाव जुन्या विंडोजमध्ये दिसत नव्हतं आणि आता दिसतं, असं होतं का हो?"

"होतं की. तिला सांगून ठेवता येतं, अमुक नाव दाखवू नको म्हणून. एकदा सांगितलं की ती कायमची तोंड मिटून बसते. ही नवी, हिला कोण काय सांगणार? का हो? कुणी घातली होती ती विंडोज?"

"बाजारातून घालून घेतली होती," टीचर म्हणाली. नवऱ्याला का पाठीशी घातलं, हे तिचं तिलाही कळलं नाही.

तिनं फोन खाली ठेवला आणि तशीच बसून राहिली. भरतन सुट्टीवर यायचा तेव्हा विमानतळावर न्यायला यायचं नाही असा त्याचा हट्ट असे. टॅक्सी तिनं कधी पाहिलीच नव्हती. दार उघडलं की तो खोक्यासह पायरीवर उभा असायचा, शर्टाची इस्त्री न मोडलेला. ते तिला आत्ता आठवलं.

दुपारी एक वाजता तिनं कुकरमध्ये तांदूळ चढवले, गॅस लावला, घराला बाहेरून कुलूप घातलं आणि नदीच्या पायऱ्यांपाशी गेली. पाच मिनिटांची वाट. तिथून तिनं शारजाला दोन रिंग देऊन फोन कापला. मग तो उलट फोन करणार, हा अकरा वर्षांचा रिवाज.

"काय गं, या वेळी?"

"सहजच. कुठं आहात, एट्टा?"

"रूमवर. आज सुट्टी ना. पडलोय जरा."

त्याच्या आवाजामागे कुकरची शिट्टी झाली. मध्येच दबून पुन्हा वर चढणारी. तिच्या कुकरची रबरी रिंग जुनी झाली होती, तो अशीच शिट्टी द्यायचा.

"कसला आवाज?"

"इथला बंगाली डाळ लावतोय. तुझं जेवण झालं?"

दुसरी शिट्टी. टीचरच्या समोर नदी होती, पायरीला बांधलेली होडी होती, आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. तिसरी शिट्टी झाली. मग करकर असा आवाज आला आणि टक्क झालं. तिच्या शेगडीचं डावं बटण गेली चार वर्षं असंच फिरत होतं.

ती धावली. कुलूप जसंच्या तसं होतं. स्वयंपाकघरात कुकरची वाफ हळूहळू बसत होती.

गॅस बंद होता.

तिला भीती वाटायला हवी होती. तिला राग आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथं कळशानंच अकरा वर्षं तोंड लपवलं होतं. मागल्या चिकुनगुनियात ती पंधरा दिवस आडवी होती. पाण्याच्या तांब्यासाठी भिंत धरधरून गेली होती, एकदा मोरीच्या उंबऱ्यावर पडली होती आणि रात्रभर तिथंच राहिली होती. दुसऱ्या दिवशी शारजाहून फोन आला, "बरं वाटतंय का?" तिनं म्हटलं होतं, "तुम्ही लांब आहात, तुम्ही तरी काय करणार?" उलट तिनंच त्याची समजूत घातली होती.

चार वाजता ती लॅपटॉपसमोर बसली. तिसऱ्या नावावर टिचकी मारली. पासवर्ड मागितला. तिनं लग्नाची तारीख टाकली.

पहिल्याच फटक्यात जोडलं गेलं.

खात्याचं पान क्षणात उघडलं. इतकं चपळ इंटरनेट या घरात कधी आलंच नव्हतं. तिनं 'स्वीकार' या शब्दापुढे खूण केली आणि पाठवून दिलं.

लगेच फोन वाजला. तिनं रिंग दिली नव्हती.

"फॉर्म भरलास?" भरतन म्हणाला.

"काय भरलं?"

"मी कधी अडवलं होतं का तुला, मिनी?"

"एट्टा, खरं सांगा. तुम्ही कुठं आहात?"

"शारजाला."

"मी मोरीत पडले होते तेव्हा कुठं होतात?"

तिनं छताकडे पाहिलं. वरच्या मजल्यावर काहीही वाजलं नाही.

"जा तू," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "घर काही बंद राहायचं नाही."

*

मानंतवाडीला टीचरला शाळेमागं दोन खोल्या मिळाल्या. येताना तिनं एक ट्रंक, चार भांडी, तो डाव आणि लॅपटॉप एवढंच आणलं. नीलेश्वरमच्या घराच्या दोन्ही किल्ल्या तिच्या पर्समध्ये होत्या. रोज शाळेतून आली की आधी ती वायफायची यादी उघडायची. शाळेचं एक नाव असायचं, शेजारच्या डॉक्टरांचं एक. तिसरं नसायचं. आठवडाभरात तिला झोप लागायला लागली. नबीसाला फोन करून तिनं विचारलंही होतं. नबीसा म्हणाली, "कुलूप आहे तसं आहे, टीचर. मांजरसुद्धा फिरकत नाही तिकडं."

तिसऱ्या रविवारी दुपारी ती सांबार उकळत ठेवून उभी होती. भरतनचा फोन आला. घेऊ नये असं वाटलं, पण घेतला.

"जेवलीस?"

"वाढून घेतेय."

"मीही बसतोच आहे आता."

त्याच्या मागे कुकर शिट्ट्या देत होता. मध्येच दबून पुन्हा वर चढणारी शिट्टी. एक, दोन, तीन. मग शेगडीचं बटण करकरलं. एवढं तर ती ऐकणारच होती. तिनं मन घट्ट केलं.

मग पातेल्याच्या कडेवर डाव आपटला. टक् टक्. दोनदा.

"कोण आहे तिथं?" तिनं विचारलं.

"कोण असणार?" भरतन म्हणाला. बावीस वर्षांत त्याचा इतका तृप्त आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. "तू जेव आता. गार होईल."

फोन बंद झाला. समोर सांबार रटरटत होतं. डाव तिच्याच हातात होता, अजून कोरडा.