मागच्या सीटखालचा बोल्ट

ठेव तो पाना खाली, हेरंबा. ठेव म्हणतो ना! दिवेलागण झाल्यावर मी कुणाच्या गाडीचं बॉनेट उघडत नाही, आणि तुझ्या तर नाहीच नाही. तीस वर्षांची जुनी मारुती घेतोस, तीही मला न विचारता, आणि आता रात्री बॅटरी घेऊन येतोस की काका, इंजिनात टिकटिक कसली येते ते जरा ऐका. सकाळी ये. उजेडात बघू. तोवर बस इथे पायरीवर. निरुपमा, तूही बस गं. काकूनं चहा टाकलाय.

हसू नका. दोघं भाऊबहीण इंजिनियर झालात म्हणून मी घाबरट ठरत नाही. चौतीस वर्षं रिफायनरीत फिटर होतो मी. पंपाचा आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते चहा पिता पिता सांगायचो. पण माझ्या ओळखीत एकानं असा एक आवाज शोधून काढला... जाऊ दे. नाही, आता ऐकाच.

बाळकृष्ण नाव त्याचं. भुसावळकडचा. माझ्याच पाळीत फिटर, आणि इथंच कारेलीबागेत आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहायचा. बायको विमल. आम्ही दोघं नोकरीला एकदमच लागलो, म्हणून अरेतुरे. माणूस सरळ, हात सोन्याचा, पण एक दुखणं मनात घेऊन बसलेला. लग्नानंतर चौथ्या वर्षी विमलवहिनींना रात्री कळा सुरू झाल्या आणि रिक्षा मिळाली नाही. दीड तास हा सायकलवर रिक्षा शोधत गावभर फिरला. दवाखान्यात पोचले तेव्हा मूल पोटातच गेलं होतं. मुलगा होता. पुरायला मी बरोबर गेलो होतो, फडक्यातून त्याची इवलीशी मूठ बाहेर आली होती. त्या दिवसानंतर तो त्याबद्दल चकार शब्द बोलला नाही.

मग सात वर्षं काही नाही. आणि त्र्याऐंशी साली वहिनींना पुन्हा दिवस गेले. वय अडतीस. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, ही शेवटची आशा समजा, पुढे शरीर साथ देणार नाही. बाळकृष्णानं काय केलं असेल? पेढे वाटले? छे! बाजव्याला एका पारशीबाबाची जुनी फियाट विकायला होती, ती घेऊन आला. म्हणाला, "भास्कर, या वेळी मी कुणाची वाट बघणार नाही."

गाडी झकास होती. मी स्वतः चालवून बघितली होती. आवाज सुरू झाला तो नंतर, वहिनींना पाचवा लागला तेव्हा.

बारीक आवाज. टुक टुक टुक टुक. इंजिनाच्या आवाजाच्या खाली दडलेला. आम्हाला वाटलं टॅपेट सैल झालेत. ते लावले. आवाज तसाच. टायमिंगची चेन बदलली. तसाच. पाण्याचा पंप काढून बघितला, डायनॅमो काढला, इंजिनाचे रबर बदलले. तीन-चार महिने रोज पाळीवरून आला की हा गाडीखाली. कानाला लांब स्क्रू ड्रायव्हर लावायचा, दुसरं टोक इंजिनावर ठेवायचं, म्हणजे आतला आवाज सरळ कानात येतो. आमची जुनी पद्धत आहे ती. तर आवाज यायचा, पण कुठून येतोय ते कळायचं नाही.

आणि एक विचित्र गोष्ट होती. इंजिनातला कुठलाही ठोका रेस वाढवली की वाढतो. वाढायलाच पाहिजे. हा वाढायचा नाही. गाडी उभी असो की पळती असो, त्याची चाल तीच. बाळकृष्णानं घड्याळ लावून मोजला. मिनिटाला एकशेचाळीस.

मी म्हटलं, "गाडी पळतेय ना? मग पळू दे की! कशाला जिवाला घोर लावून घेतोस?"

"आणि त्या रात्री मध्येच बंद पडली तर?" असं म्हणाला आणि परत गाडीखाली शिरला. तो आवाज म्हणजे त्याला गाडीची धमकी वाटायची. तो जेवायचा नाही धड. वहिनी मला म्हणायच्या, "भावजी, तुम्ही तरी सांगा यांना. मला काही होत नाही, यांनाच काहीतरी होईल." आठवा संपत आला तेव्हा त्याचे डोळे खोल गेले होते.

आता रात्र सांगतो. पंधरा जानेवारी चौऱ्याऐंशी, वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस, रविवार. दिवसभर गच्च्यांवर पतंग आणि नुसता गोंगाट, खायला उंधियू, जिलबी, आणि पतंग काटला की आरोळी, काय्पो छे! अंधार पडल्यावर तुक्कल, ते कंदील बांधलेले पतंग, उडाले. साडेअकरापर्यंत सगळं शांत झालं. मी झोपायच्या आधी गॅलरीत आलो तर खाली बाळकृष्ण. दिव्याची वायर खिडकीतून खाली सोडलेली, बॉनेट उघडं. मी वरून हाक मारली, "अरे झोप ने भई!" त्यानं हात हलवला. मी झोपलो. तेवढ्यासाठी मात्र मी आयुष्यभर स्वतःला माफ केलेलं नाही. खाली उतरलो असतो तर...

पुढचं त्यानं मला नंतर सांगितलं. त्यानं इंजिन चालू ठेवलं आणि प्लगच्या वायरी एकेक करून काढायला लागला. ज्या सिलिंडरमध्ये दोष असतो, त्याची वायर काढली की ठोका बदलतो. पहिली काढली. ठोका तसाच. दुसरी. तसाच. तिसरी काढली, इंजिन आचके द्यायला लागलं. चौथी काढली आणि इंजिन बंद पडलं.

आवाज चालूच.

टुक टुक टुक टुक.

गाडी बंद. किल्ली काढून खिशात. बॅटरीची वायरसुद्धा सोडली त्यानं. तरी चालूच. दुसरा कुणी असता तर पळाला असता. हा पळाला नाही. याला आनंद झाला! म्हणाला, इतके महिने इंजिनाच्या आवाजानं मला फसवलं, आता सापडणार. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून तो मागे मागे सरकत गेला. डॅशबोर्डखाली. पुढच्या सीटखाली. मग मागची सीट उचलली. डाव्या बाजूची, जिथं वहिनी नेहमी बसायच्या. खाली पत्र्यात एक बोल्ट होता. जुना, गंजलेला. जरासा सैल. त्यावर त्यानं हात ठेवला, तर बोल्ट हाताखाली उडत होता.

आम्हा फिटर लोकांचा हात वाईट असतो रे, हेरंबा. सैल दिसलं की आवळायचं. हात आधी जातो, डोकं मागून येतं. त्यानं पाना लावला. पाव फेरा दिला. ठोका मंद झाला. अजून पाव फेरा दिला. अजून मंद... टुक... टुक... मग सगळा जोर लावून तिसरा.

बंद.

एक वाजून चाळीस मिनिटं. त्यानं घड्याळ बघितलं होतं, वहिनींना सांगायला. दोन दोन पायऱ्या चढत वर गेला. "विमल, सापडला गं! गेला आवाज!"

वहिनी पलंगावर उठून बसल्या होत्या. दोन्ही हात पोटावर.

"अहो," म्हणाल्या, "बाळ हलत नाहीये."

...

माझं दार त्यानं हातानं नाही, डोक्यानं वाजवलं. उघडलं तर एकच घोकत होता. "मी आवळलं... भास्कर, मी... मीच आवळलं." मला काही कळेना. त्याच्यामागे खाली वहिनी, जिन्याचा कठडा धरून उभ्या. साडीवर रक्त. ते मात्र मला कळलं.

वायरी मी लावल्या. तोवर तो सीटखालच्या बोल्टला पाना लावून उलटा फिरवत होता. बोल्ट फिरत होता... पण सुटत नव्हता. आवळताना खालचा नट गंजानं पत्र्याला चिकटून होता. आता गंज सुटला आणि नट बोल्टबरोबर गरगर फिरायला लागला. असा नट खालून धरावा लागतो. मी आडवा पडलो, हात घातला. पोचेना. सायलेन्सरच्या नळीच्या वर, चार बोटांच्या फटीत होता तो. जॅक लावून गाडी उचलायची, नळी सोडवायची, तर पंधरा-वीस मिनिटं. वहिनी ओरडल्या.

मी म्हटलं, "सोड ते! चल आधी!"

"तू चालव," म्हणाला. "मी फिरवतो."

वहिनी पुढे माझ्या शेजारी. तो मागे, सीट काढलेल्या पत्र्यावर गुडघे टेकून. मी चांपानेर दरवाज्याच्या रस्त्यानं गाडी काढली. रस्ताभर तुटलेला मांजा. तारांवर फाटके पतंग. माणूस नाही, कुत्रं नाही. इंजिन असं गुळगुळीत चाललं होतं की काय सांगू. एवढी शांत फियाट मी कधी ऐकली नाही. ती शांतता मला सोसवेना. मागून फक्त पान्याचा आवाज. करकर. करकर. आणि त्याचं तोंडातल्या तोंडात चाललेलं, "सुट रे... सुट... माझं काय वाटेल ते कर, पण सुट..."

मी देव मानत नव्हतो फारसा. त्या रात्री सगळ्यांची नावं घेतली.

मांडवीच्या कमानीखालून गेलो. दोन वाजून अकरा मिनिटं.

वहिनींची मान एका बाजूला कलली. "भावजी," म्हणाल्या, "आता नको... परत चला." इतक्या हळू. मी रडत होतो. चालवतही होतो.

तेवढ्यात मागची करकर थांबली.

मी आरशात बघितलं. बाळकृष्ण हलत नव्हता. पाना हातात. नजर खाली.

"काय झालं?"

...

"बाळकृष्ण! काय झालं?"

"कुणीतरी..." म्हणाला. "खालून... नट धरलाय."

गाडी पन्नासनं पळत होती.

मला थांबायचं होतं. पाय ब्रेकवर गेलाही. तो किंचाळला, "थांबू नको! धरलंय तोवर... थांबू नको!" आणि त्यानं पाना ओढला. या वेळी बोल्ट नुसता फिरला नाही. कुरकुरला. जोर लागला. सुटला. पाव फेरा. अजून पाव.

टुक.

मी रेस दाबली.

टुक... टुक...

आणि वहिनींनी माझा दंड पकडला. इतका घट्ट की चार दिवस वळ होते. "हललं," म्हणाल्या. "अहो, हललं!"

मोठ्या दवाखान्यात तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोटाला नळी लावली, कान लावला, घड्याळ धरून मोजलं. मग म्हणाल्या, "ठोके आहेत. एकशेचाळीस. पण लगेच ऑपरेशनला घ्यायला लागेल." बाळकृष्ण भिंतीशी उभा होता. हाताची सालं निघालेली, पाना मुठीत तसाच. नर्सनं घ्यायचा प्रयत्न केला तर देईना.

चार वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. रडली. असं रडली म्हणता की पूर्ण वॉर्ड जागा झाला! अहल्या नाव ठेवलं. आता नाशिकला शाळेत शिकवते, तिला दोन मुलं आहेत. बाळकृष्ण चार वर्षांपूर्वी गेला, समाधानानं गेला. तो बोल्ट त्यानं पुढे कधी आवळला नाही, काढलाही नाही. आवाज त्या रात्रीनंतर कुणाला ऐकू आला नाही.

थांब, उठू नकोस. एवढंच असतं तर मी तुला आत्ता उठून मारुती बघून दिली असती.

त्या सकाळी सातला दवाखान्याचा वॉचमन मला शोधत आला, गाडी दारातून हटवा म्हणाला. मी खाली गेलो. उजेड झाला होता. मनात आलं, फिटर आहोत, एकदा बघू तरी. नट अडकला असेल कशात. दगड असेल, तार असेल, काही तरी असेलच. पोर्चमध्ये आडवा झालो आणि गाडीखाली सरकलो. दगड नव्हता. तार नव्हती. खालच्या पत्र्यावर वीस वर्षांच्या ग्रीसचा आणि धुळीचा बोटभर काळा थर. सायलेन्सरच्या वर ती चार बोटांची फट, आणि फटीत तो नट.

नटाभोवतीचा थर खरवडला गेला होता. ताजा. त्यात बोटांचे ठसे होते. पाची बोटांचे, स्पष्ट, नट मुठीत धरल्यासारखे.

माझ्या करंगळीचं नख बघ, हेरंबा. एकेक ठसा एवढाच होता.