हातमोज्याच्या आत

जळू लावायला कौशल्य लागत नाही, चिकाटी लागते. आमच्या वॉर्डात ते काम माझ्या गळ्यात पडलं, कारण बाकीच्या सिस्टर बरणी बघूनच मागे सरायच्या. फ्रिजमधून बरणी काढायची, उपाशी जळू चिमट्याने उचलून, तुटून पुन्हा जोडलेल्या बोटावर तिचं निमुळतं तोंड टेकवायचं, आणि पोट भरून ती आपोआप गळून पडेपर्यंत शेजारी बसून राहायचं. नाहीतर ती भलतीकडे फिरते. मग स्पिरिटमध्ये टाकायची. एकाचं रक्त प्यायलेली जळू दुसऱ्याला लावत नाहीत.

या वेळी खाटेवर माझा धाकटा भाऊ होता. तो सुतार. विजेच्या करवतीने त्याचा उजवा अंगठा मुळापासून उडवला. डॉक्टरांनी तो जोडला. आत रक्त नेणारी धमनी जुळली, पण बाहेर आणणाऱ्या शिरा पार चिरडल्या होत्या. रक्त साचून अंगठा जांभळा पडला. नव्या शिरा फुटेपर्यंत ते जळवांनी ओढून घ्यायचं, नाहीतर अंगठा काढून टाकायचा. अंगठा गेलेल्या सुताराला कोण काम देतं? वहिनी बाहेरच्या बाकावर बसून होती आणि मला दर वेळी एवढंच विचारायची, "वाचेल ना हो?"

भावाला मात्र थट्टा सुचत होती. "लहानपणी तू मला जळूसारखी चिकटायचीस, ताई. आता खरीखुरी घेऊन आलीस."

"गप पड. हात हलवू नकोस."

जळू लागली. अंगठ्याचा रंग हळूहळू उजळला.

मी दमले होते. त्यात नवल नव्हतं, आमच्या नोकरीत दमणूक पगाराबरोबरच येते. पण आता जिना चढताना मधेच कठडा धरून उभं राहावं लागे. चहाचा कप जड वाटे. वय झालं बाई तुझं, असं मी स्वतःलाच म्हणायची.

जळवा लावलेल्या माणसाचं रक्त उतरतं. रोज तपासावं लागतं, बहुतेकांना बाहेरून चढवावंही लागतं. भावाचं काही केल्या उतरेना. डॉक्टर खूश होते. लॅबमधला टेक्निशियन मोठा फिरकी घेणारा. माझ्याकडे बघून म्हणाला, "सिस्टर, पेशंट तो की तुम्ही?" गंमत म्हणून त्याने माझंही रक्त काढून घेतलं. रिपोर्ट घेऊन आला तेव्हा तो हसत नव्हता.

"तुम्हाला कुठून रक्त जातंय का?"

"नाही रे, कुठून जाणार?"

त्या दुपारी जळू गळून पडल्यावर मी हातमोजे उतरवले. उजवा आतून ओला होता. घाम असेल म्हणून उलटा केला. मोज्याच्या अंगठ्यात रक्त साचलं होतं.

बाहेरून मोजा धड होता. नळाखाली पाण्याने भरून पाहिला. थेंबही गळला नाही.

माझ्या अंगठ्यावर, नखाच्या खाली, तीन रेघांची बारीक खूण होती. ती खूण मी डोळे मिटूनही ओळखेन. जळू चावते तेव्हा कळत नाही, तिच्या लाळेने जागा बधिर होते. त्या जागेतून रक्त पाझरत होतं आणि दाबून धरलं तरी थांबत नव्हतं.

मला भीती वाटली. दुसऱ्या दिवशी हातापाया पडून एका सिस्टरला खाटेशी बसवलं आणि मी दारात उभी राहिले. जळू लागेना. सुई टोचून थेंब काढला, तरी तोंड फिरवी. बरणीतली दुसरी आणली, तिनेही तेच केलं. अंगठा काळपट होत चालला. डॉक्टर येऊन बघून गेले.

"संध्याकाळपर्यंत फरक पडला नाही तर काढावा लागेल," ते म्हणाले.

बाकावर वहिनी तोंडात पदर धरून बसली होती.

"ताई, तू लाव ना," भाऊ म्हणाला. "तुझ्या हातून लागते."

मी हातमोजा चढवला.

जळू लगेच लागली. अंगठा गुलाबी झाला. मी खुर्चीला डोकं टेकलं आणि मोजा भरू दिला.

अंगठा वाचला. भाऊ घरी गेला आणि त्याच्या खाटेवर मला रक्त चढवलं. दगदग झाली असणार, असं सगळ्यांचं मत पडलं. मीही मान डोलावली.

परवा भावाचा फोन आला.

"अगं, गंमत ऐक. दुपारी अंगठ्यावर हातोडा बसला, सणसणीत! मला पत्ताच नाही. डॉक्टर म्हणाले होते ना, जाणीव यायला वेळ लागेल म्हणून."

मी फोन डाव्या हातात घेतला. उजव्या अंगठ्याचं नख दुपारपासून काळंनिळं पडलं होतं आणि ठणकत होतं.

"बरंच झालं म्हणा," तो म्हणाला. "भीतीच गेली बघ. आज करवत पुन्हा जोडली. थांब, तुला आवाज ऐकवतो."

"अरे, नको," मी म्हणाले.

पण त्याने फोन खाली ठेवला होता, आणि करवत सुरू झाली होती.