खिशातला फ्यूज

साहेब, तुम्ही एका बाईला नवऱ्याची मारेकरी ठरवलंत, आणि तेही एका ओळीत. 'पत्नीने हलगर्जीपणाने वीजप्रवाह सुरू केल्यामुळे मृत्यू.' खाली सही, शिक्का. फाईल बंद. त्या बाईला तुम्ही एक प्रश्न धड विचारला नाहीत. ज्याला विचारलात, त्याला मात्र खुर्ची दिलीत, चहा पाजलात आणि वर 'तज्ज्ञ' म्हणून त्याचं मत कागदाला जोडलंत. आता सगळं काय झालं ते पहिल्यापासून ऐका. तुमच्या खुर्चीत बसूनच ऐका, उठायची गरज नाही. तुम्ही तेव्हाही उठला नव्हतात.

त्या बाईचा, म्हणजे काकूंचा, फोन आला तेव्हा दातवाली एका माणसाची दाढ उपटत होती. दातांची डॉक्टर म्हणून दातवाली. आम्ही रेडिओवरच्या दोस्तांनी ठेवलेलं नाव. फोन तिने खांद्यात धरला.

"अगं, क्लबचा सेक्रेटरी उद्या ह्यांचा रेडिओ सेट न्यायला येतोय. देऊन टाकते," काकू म्हणाल्या.

"कुठे न्यायला?"

"संग्रहालयात ठेवणार म्हणे. मला तो डोळ्यांसमोर नको. मीच मारलं ना त्यांना."

दातवालीचा चिमटा हवेतच थांबला. खुर्चीतला माणूस 'आ' करून बघत राहिला.

"काकू, मी येईपर्यंत कुणाला काही द्यायचं नाही. एक स्क्रूसुद्धा नाही."

काका हौशी रेडिओवाले. त्यांचा ट्रान्सीव्हर जुन्या काचेच्या व्हॉल्व्हचा, पन्नाशी ओलांडलेला. एकाच पेटीतून बोलायचं आणि ऐकायचं. उचलायला दोन माणसं लागत आणि तापला की खोलीला धुळीचा न् मेणाचा वास येई. रोज सकाळी गावोगावचे दोस्त हवेत जमायचे आणि मोर्सच्या टकटकीत गप्पा मारायचे. त्याला आम्ही 'कट्टा' म्हणायचो. काकांचं तिथलं नाव 'सरक्या'. नाव का पडलं हे कट्ट्यावरच्या कुणालाही विचारा. सेट तापेपर्यंत त्यांचा आवाज जागेवरून सरकत जायचा आणि बाकीचे आपापली बटणं फिरवत त्यांच्या मागे धावायचे. "सरक्या, थांब की लेका!" ही रोजची शिवी.

गच्चीवरची खोली होती तशीच होती. टेबलावर सेट, पालथा, तळ उघडा. शेजारी लाकडी दांडी, तिच्या टोकाला पितळी आकडा, आकड्याला वायर. आत हात घालण्याआधी साठलेली वीज याच दांडीने काढून टाकायची. काका ही दांडी कधी विसरत नसत.

"मला सगळं पहिल्यापासून सांगा," दातवाली म्हणाली.

"काय सांगू? मी बहिणीकडे राहायला गेले होते. सकाळी परत आले, जिन्याखालचं बटण वर केलं आणि स्वयंपाकाला लागले. जेवायला हाका मारल्या. वर आले तर..." काकूंनी पदर तोंडाशी धरला.

"जिन्याखालचं बटण का?"

"सेटचं स्वतःचं बटण कधीचंच तुटलंय. तसलं आता मिळत नाही. म्हणून खालूनच चालू-बंद. आणि सेट ओल धरतो म्हणून दिवसभर तापता ठेवायचा. बटण खाली दिसलं की मी वर करते. कायमची सवय."

"आणि ते आत हात घालून बसलेले असले तर?"

काकूंनी मान वर केली. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात धार आली.

"मी काय वेडी आहे? आमचं ठरलेलं होतं. पेटी उघडायची तर आधी खालचा फ्यूज काढायचा आणि खिशात टाकायचा. मग बटण कुणीही दाबो. मी बटणाला हात लावायच्या आधी फ्यूज बघते. त्या दिवशीही बघितला. फ्यूज जागेवर होता."

"हे साहेबांना सांगितलंत?"

"सांगत होते. ते म्हणाले, 'बाई, रडणं आवरा, मग बोला.' रडणं आवरलं तोवर ते गेले होते."

दातवालीने उघड्या तळातून आत डोकावलं. मग तिने विचारलं, "त्यांच्या अंगावरच्या वस्तू परत मिळाल्या?"

काकूंनी कपाटातून पिशवी काढली. चष्मा, रुमाल, पेन. आणि शर्टाच्या खिशातला एक फ्यूज. पांढऱ्या चिनीमातीचा.

दातवाली तो घेऊन जिना उतरली. बोर्डावर एकच फ्यूज होता आणि तो जागेवर होता. खिशातला लावून बघितला. बसेना, थोडा रुंद होता. पालथा केला तर पाठीला हिरव्या रंगाचा ठिपका.

"काकू, हा तुमच्या घरातला?"

"छे. आमच्याकडे असला नाही. ठिपका कसला तो?"

"बघू. खोलीत आलात तेव्हा आणखी काय दिसलं? काहीही. फालतू वाटलं तरी सांगा."

"टेबलावरचा दिवा जळत होता. तो वेगळ्या लाईनीवर आहे. भर दुपारी दिवा कशाला, म्हणून विझवला. माणूस समोर पडलाय आणि मी दिवा विझवतेय." काकू कडवट हसल्या. "बायकांची जातच मेली अशी."

"आणि तुम्ही जायच्या आधी काका काही बोलले होते?"

"खुशीत होते. म्हणजे रागात होते, पण खुशीत. फोनवर कसलासा फोटो आला होता. सेटचा. त्याला हिरडीच्या रंगाचं बटण होतं. म्हणाले, 'परवा कट्ट्यावर एकाचे कपडे उतरवतो.' कुणाचे ते सांगितलं नाही."

दातवालीने ते ओळखलं. ते बटण तिनेच केलं होतं, कवळीच्या प्लास्टिकमध्ये ओतून. कट्ट्यावरच्या मास्तरांच्या सेटचं बटण फुटलं होतं म्हणून. मास्तर वारले तेव्हा सेक्रेटरी तो सेट घेऊन गेला होता. शाळेला देतो म्हणाला होता.

कट्ट्यावरच्या इंजिनिअरला तिने तिथूनच फोन लावला.

"त्या सकाळी काका कट्ट्यावर होते?"

"होते की. हीच तर हळहळ. टकटकीचा हात तोच, लय तीच. शेवटी ती त्यांची दोन टिचक्यांची लकबसुद्धा. साहेबांनाही मी तेच सांगितलं."

"काय बोलले?"

"फारसं काही नाही. सेट उघडून बसणार आहे म्हणाले. मी चहा पीत निवांत ऐकत होतो. एरवी एक हात बटणावर ठेवावा लागतो, त्या दिवशी कप दोन्ही हातांत धरला."

"आणखी कोण कोण होतं?"

"नेहमीचेच. तू नव्हतीस."

"मी पेशंटच्या तोंडात होते. सेक्रेटरी?"

"तो नव्हता. एरवी चुकवत नाही. का गं?"

"चहा पी," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

क्लबची खोली बाजारामागच्या गल्लीत, छापखान्याच्या वर. सेक्रेटरी, म्हणजे तुमचा 'तज्ज्ञ', सडपातळ, इस्त्रीचा, गोड. त्याच्या टेबलावर चकचकीत नवा सेट, ताटाएवढा, काट्याऐवजी आकडे दाखवणारा. बाकी सगळ्या वस्तूंवर हिरवा ठिपका. खुर्च्यांवर, हेडफोनवर, घड्याळावर. अगदी बादलीवरही.

"लोक उचलून नेतात हो," तो म्हणाला. "रेडिओवाली मंडळी म्हणजे दिसलं की उचल. खूण नको?"

"खरंय. काकांकडे शेवटचे कधी गेला होतात?"

"महिना झाला असेल. वाईट झालं. या वयात म्हातारा नवे व्हॉल्व्ह घालायला गेला आणि काकूंनी... जाऊ दे. बाईमाणूस, काय बोलणार."

"मास्तरांचा सेट कुठाय?"

"शाळेत. पोरं शिकतायत त्यावर."

"वा," दातवाली म्हणाली. बोलता बोलता तिची नजर दाराजवळच्या बोर्डावर गेली. चार फ्यूजच्या जागा. तीन भरलेल्या. चौथी रिकामी, पडलेल्या दातासारखी.

शाळेत तिने स्वतः जाऊन विचारलं. रेडिओ? कसला रेडिओ? तिथल्या बाईंनी तिच्याकडे अशी नजर टाकली, जणू ती काही विकायला आली आहे.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी टेम्पो घेऊन आला. गच्चीवर आधीच तुम्ही उभे होतात, साहेब. दातवालीने तुम्हाला आणलं होतं; तुमच्या आईची कवळी तिच्याकडेच होती, म्हणून आलात. घड्याळ बघत.

"मॅडम, लवकर आटपा. फाईल बंद झालेली आहे," तुम्ही म्हणालात.

"तोंड उघडं ठेवा साहेब, फार दुखणार नाही," दातवाली म्हणाली. तिने सेटचा तळ लावून तो सुलटा ठेवला होता. काकूंनी खाली जाऊन बटण वर केलं. व्हॉल्व्ह हळूहळू लालसर झाले. शेजारी दातवालीचा छोटा रिसीव्हर होता. तिने मोर्सची किल्ली दाबून धरली. शिट्टीसारखा सूर आला.

"ऐका. बटणाला कुणी हात लावू नका."

सूर जागेवर राहिना. आधी बारीक होता, मग उतरत उतरत गुरगुरला आणि नाहीसा झाला. रिसीव्हरचं बटण फिरवल्यावर परत सापडला, परत घसरला.

"म्हणून त्यांना सरक्या म्हणायचे. पेटी तापेपर्यंत हे असंच चालतं. त्या सकाळी मात्र इंजिनिअरने दोन्ही हातांत कप धरून ऐकलं. सरक्या सरकलाच नाही. का? कारण तो सरक्या नव्हताच. न सरकणाऱ्या नव्या सेटवरून कुणीतरी काकांचं सोंग केलं. कट्ट्यावर त्या दिवशी एकच नेहमीचा माणूस गैरहजर होता. दोन तोंडांनी एकदम बोलता येत नाही ना, सेक्रेटरी?"

"हे काय चाललंय?" सेक्रेटरी तुमच्याकडे वळून हसला. "आवाज सरकला नाही म्हणून खून?"

"काका त्या सकाळी जिवंत नव्हतेच. आदल्या संध्याकाळीच गेले होते. म्हणून दुपारी दिवा जळत होता. तुम्ही संध्याकाळी आलात, नवे व्हॉल्व्ह घेऊन. काकांचे गुडघे गेलेले. त्यांनी तुम्हालाच खाली पाठवलं, फ्यूज काढून आण म्हणून. तुम्ही नुसतं बटण खाली केलंत. फ्यूज तिथेच ठेवलात आणि क्लबमधून आणलेला त्यांच्या खिशात सरकवलात. त्यांनी दांडी लावली, ठिणगी नाही. खिसा चाचपला, फ्यूज आहे. हात आत घातला. तुम्ही पाणी आणतो म्हणून खाली उतरलात आणि बटण वर केलंत. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो, पण आतला मारणारा विजेचा दाब त्याच क्षणी येतो. मग बटण परत खाली. का? तर सकाळी काकू येऊन वर करणार, हे सगळ्या कट्ट्याला ठाऊक."

"कल्पना छान आहे."

"नव्या व्हॉल्व्हचं तुम्ही मला काल सांगितलंत. सेटमध्ये जुनेच आहेत, धूळ बसलेले. टेबलावर नवा एकही नव्हता. तुम्ही परत नेलेत. मग काका नवे घालत होते हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

सेक्रेटरी दाराकडे सरकला; दारात काकू उभ्या होत्या.

दातवालीने काकांच्या खिशातला फ्यूज तुमच्या तळहातावर ठेवला, ठिपका वर करून.

"क्लबच्या बोर्डावर एक जागा रिकामी आहे. लावून बघा. ठिपका लावायची सवय नडली बघा याला. मेलेल्याच्या खिशात ठेवलेल्या वस्तूवरसुद्धा क्लबची खूण."

"पण का?" काकू दारातून म्हणाल्या. आवाज फार शांत होता.

"माणूस गेला की हा बायकोकडे जातो, काकू. शाळेला देतो, संग्रहालयात ठेवतो म्हणतो आणि परदेशातल्या शौकिनांना विकतो. मास्तरांचा सेट काकांनी विक्रीच्या फोटोत ओळखला, मी केलेल्या बटणावरून. कट्ट्यावर सांगायच्या आधी त्यांनी यालाच विचारलं असणार. सरळ माणूस. आधी तोंडावर विचारणार."

"मग काय करायचं होतं?" सेक्रेटरी एकदम ओरडला. "या बायका काय करणार होत्या त्या पेट्यांचं? भंगारात घातल्या असत्या! फूलदाण्या ठेवल्या असत्या वर! मी निदान जिवंत ठेवल्या. म्हाताऱ्याला म्हटलं, अर्धं तुझं. तर म्हणे, सगळ्यांना सांगतो!"

काकू टेबलाशी आल्या.

"ज्या बोटांनी त्यांची लकब वाजवलीस," काकू म्हणाल्या, "ती त्यांनीच शिकवली होती तुला. याच टेबलावर. माझ्या हातचा चहा पीत."

तुम्ही सेक्रेटरीचा दंड धरलात. जिन्यात दातवालीने तुम्हाला गाठलं.

"आणि काकूंचं काय? ती ओळ?"

"नवा गुन्हा नोंदवू. जुना अहवाल वर गेलाय. त्यात आता बदल होत नाही," तुम्ही म्हणालात.

म्हणजे कागदावर काका दोनदा मेले. एकदा सेक्रेटरीच्या हातून आणि एकदा बायकोच्या.

काकू अजून रोज सकाळी जिन्याखाली उभ्या राहतात. फ्यूज बघतात, हात बटणापर्यंत नेतात आणि मागे घेतात. गल्लीतल्या बायका अजून कुजबुजतात, कारण गल्लीने तुमची ओळ वाचली आहे, नवी फाईल कुणी वाचली नाही. त्या बाईने बटण दाबायच्या आधी बघितलं होतं, साहेब. तुम्ही सही करायच्या आधी काय बघितलंत?

विचारतोय. उत्तर द्या.