परतीचा करंट

मरोळ गावठाणातल्या गिल्बर्टच्या घराचं वायरिंग मीच केलं होतं. आम्ही दोघं अंधेरीच्या एकाच कारखान्यात. तो लेथवर, मी इलेक्ट्रिशियन. चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत तो म्हणाला, "विद्याधर, पंपाला हात लावला की झिणझिण्या येतात रे." म्हटलं, रविवारी येतो. गेलो नाही. बुधवारी त्याची बायको एथेल मागीलदारी कपडे धूत होती. ओल्या हातानं तिनं पंपाचा नळ धरला, तो सुटलाच नाही. गळका करंट जमिनीत नेणारी, गाडलेली अर्थिंगची तार गंजून तुटली होती. फ्यूज शाबूत होता.

गिल्बर्टनं माझी कॉलर धरली नाही. दफनानंतर एवढंच म्हणाला, "ॲग्नेस सात वर्षांची आहे. तिला काही होता कामा नये. काहीतरी कर."

कारखान्यात एका परदेशी मशीनबरोबर एक जादा ब्रेकर आला होता. साहेबांच्या पाया पडून तो मिळवला आणि गिल्बर्टच्या मीटरशेजारी बसवला.

"फ्यूज घर वाचवतो, माणूस नाही," मी त्याला समजावलं. "हा काय बघतो, तर एका तारेतनं जेवढा करंट गेला, तेवढा दुसरीतनं परत आला का. कमी आला, म्हणजे वाटेत कुणाच्या तरी अंगातनं जमिनीत गेला. की लगेच बंद."

टेस्टचं बटण दाबलं. खट्. खटका खाली पडला. गिल्बर्टनं स्वतः तीनदा दाबून पाहिलं, आणि एथेल गेल्यापासून पहिल्यांदा रडला.

दुसऱ्या दिवसापासून ब्रेकर पडू लागला. ॲग्नेस शाळेतून येऊन मागच्या नळावर पाय धुवायची, नेमका तेव्हाच. मी पंप काढून टाकला. तारा बदलल्या. शेवटी स्वयंपाकघरात शंभर वॅटचा एक बल्ब ठेवला, बाकी सगळी जोडणी सोडवली.

ॲग्नेसनं नळाला बोट लावलं. खट्.

"शॉक बसला, बाळा?"

"नाही काका. गरम वाटतं."

मी कारखान्यातून दोन मीटर आणले. एक जाणाऱ्या तारेवर लावला, एक परतीच्या. ॲग्नेसला हळूहळू नळाकडे चालायला सांगितलं. परतीचा काटा खाली यायला हवा होता. तिच्या प्रत्येक पावलागणिक तो वर चढत गेला. मीटर बिघडला असेल म्हणून दोन्हींची अदलाबदल केली. पुन्हा तेच.

"कमी येतोय?" गिल्बर्टनं विचारलं.

"नाही. जास्त."

"जास्त कुठून येणार?"

मी नळाखालच्या ओल्या फरशीकडे बोट केलं. गिल्बर्टनं वाकून त्या फरशीवर तळहात टेकवला.

"मग पडू देऊ नको ना तो खटका," तो म्हणाला. "एथेल येतेय रे. आणि दरवेळी आपणच तोडतोय."

"वेडा आहेस का? पोर जाईल तुझी!" मी ओरडलो. त्यानं मान डोलावली. मला वाटलं, पटलं.

दुसऱ्या दिवशी तो कामावर आला नाही. दुपारी मी अर्धी रजा टाकून मरोळला धावलो. ब्रेकरचा खटका तांब्याच्या तारेनं वर बांधून ठेवला होता. मागीलदारी ॲग्नेस दोन्ही हातांनी नळ धरून उभी होती. गिल्बर्ट तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला होता.

"विचार तिला, दुखतंय का अजून. विचार ना, बाळा."

ॲग्नेसचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. आतल्या बल्बकडे बघवत नव्हतं, इतका तो पेटला होता.

मी मेन स्विच ओढला.

बल्ब तसाच.

फ्यूज उपसून हातात घेतले.

तसाच.

कोरडं गोणपाट हाताला गुंडाळून मी पोरीची बोटं एकेक करून सोडवली. शेवटचं बोट सुटलं आणि स्वयंपाकघरात अंधार झाला. गिल्बर्टनं झेप घेऊन नळाला मिठी मारली. "एथेल! एथेल गं!" तो कितीतरी वेळ तसाच होता. नळ थंडगार होता.

त्याच संध्याकाळी मी ॲग्नेसला घेऊन वांद्र्याला निघालो, तिच्या पर्पेच्युआ आत्याकडे. गिल्बर्टनं अडवलं नाही. दारापर्यंतसुद्धा आला नाही. बसमध्ये पोर माझ्या छातीवर डोकं टेकून झोपली. अंग गार नाही, ताप नाही, श्वास संथ.

झाडांच्या सावलीत बस शिरली, तेव्हा माझी नजर खाली गेली. शर्टाच्या खिशात टेस्टर होता, चालू तारेला लावल्यावरच आतला दिवा लागतो तो. त्याच्या टोकाला ॲग्नेसचा गाल लागला होता.

दिवा लागला होता. तिच्या श्वासाबरोबर मंद होत होता, आणि पुन्हा उजळत होता.