फळ्यावरची चौथी ओळ

"मॅडम, लवकर या! मांडवीत इंग्रजीच्या क्लासपुढे पालक जमलेत. बाईंना मारतील!" हवालदार फोनवर ओरडला.

फौजदार नयना मोहिते पोचली तेव्हा मोहना शिर्के जिन्यात उभी होती. कित्येक वर्षं बडोद्यात इंग्रजी शिकवणारी बाई. कुणीतरी तिच्या अंगावर बादलीभर पाणी फेकलं होतं. पोरांसमोर! लाज कशी वाटत नाही लोकांना?

नयना आणि हवालदार तिला वर घेऊन गेले. क्लासचे मालक लक्ष्मीकांत शितोळे घाम पुसत बसले होते. शेजारी व्यवस्थापक अविनाश, पुण्याहून नवीनच आलेला.

"काय केलं यांनी?"

"मुलांना बेदम मारतात," अविनाश म्हणाला. "एका मुलीने फळ्याचा फोटो दिला. मी साहेबांना दाखवला. साहेबांनी काल पालकांना बोलावून सांगितलं आणि बाईंना काढलं."

"फोटो यांना दाखवला?"

"गरज काय?"

नयनाचं डोकंच सणकलं. "एका बाईचं नाव भर बाजारात धुळीला मिळवलंत, आणि कशावरून ते तिला दाखवायची गरज नाही? आणा इकडे तो फोन!"

फोटोत फळा. त्याच्या कोपऱ्यात खडूने लिहिलेली तारीख, १५ जानेवारी. वर 'बॅडली' हा शब्द आणि खाली इंग्रजीत त्याची वाक्यं: तो वाईट गातो. भिंतीचं फार नुकसान झालं. मला पाण्याची अत्यंत गरज आहे. चौथी ओळ वेड्यावाकड्या अक्षरात: मोहना मॅडम आम्हाला बेदम मारतात.

"धडा माझाच आहे," मोहना वाकून बघत म्हणाली. "बॅडली म्हणजे नुसतं वाईट नव्हे. नुकसान केवढं, गरज केवढी, तेही त्यातून सांगतात. दर वर्षी याच वाक्यांनी शिकवते. पण वरच्या तीन ओळींचंही अक्षर माझं नाही! आणि मॅडम, त्या दिवशी तर..."

नयनाने हात वर करून तिला थांबवलं. "अविनाशभाई, तुम्ही त्या दिवशी इथं होतात?"

"छे. मी फेब्रुवारीत आलो."

"मग मुलगी काय म्हणाली?"

"वर्ग भरलेला होता. संक्रांत आदल्या दिवशीच झालेली. बाईंनी पट्टीने झोडपलं. त्या बाहेर गेल्यावर कुणीतरी ती ओळ लिहिली."

"नाव काय मुलीचं?"

"घाबरलीय ती. नाही सांगणार."

"लक्ष्मीकांतभाई, पंधरा जानेवारीला तुम्ही कुठे होतात?"

"गच्चीवर, पतंग उडवत! वासी उतराण ना..." मालक थबकले. "अरे देवा! क्लासला कुलूप होतं. चावी माझ्याच खिशात."

अविनाशचा चेहरा पडला.

"पुण्यात संक्रांत एका दिवसात आटोपते," नयना म्हणाली. "बडोद्यात दुसऱ्या दिवशीही, वासी उतराणीला, पतंग उडतात. त्या दिवशी पोरं सोडाच, आजोबासुद्धा गच्चीवरून उतरत नाहीत. तुम्हाला ते ठाऊक नव्हतं. आपण यायच्या आधीची तारीख टाकली की संशय येणार नाही, एवढंच पाहिलंत. धडा पोरांच्या वहीतून उतरवलात आणि चारही ओळी स्वतः लिहिल्यात. बाईंना फोटो दाखवला असता तर अक्षर आणि तारीख, दोन्ही त्यांनी जागच्या जागी पकडलं असतं. आणि मालकांनी वाचली ती फक्त चौथी ओळ! बोला, कशासाठी?"

अविनाश पुटपुटला, "माझ्या बायकोला... कोमलला ही नोकरी हवी होती."

"नोकरी हवी होती तर मागायची होतीस, हलकटा!" मोहना ओरडली. "माझी मुलगी आज शाळेत गेली नाही. मारकुट्या बाईची पोर म्हणतात तिला!"

हवालदाराने अविनाशचा दंड धरून त्याला उठवलं.

"मोहनाबेन, चूक झाली," लक्ष्मीकांत म्हणाले. "उद्यापासून या. पालकांच्या ग्रुपवर मी मेसेज टाकतो."

"मेसेज? काल माझं नाव घेताना खुर्चीवर चढून ओरडलात ना? तसंच ओरडा. आत्ता, खाली चला!"

लक्ष्मीकांतांनी नयनाकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता? चला!"

खाली लोक अजून तावातावाने बोलत होते. लक्ष्मीकांत खुर्चीवर चढले, घसा खाकरून काहीतरी बोलले. ओल्या साडीत मोहना त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"मोठ्याने," ती म्हणाली. "मागच्यांनाही ऐकू जाऊ दे."